दुकानाची वही आणि गिऱ्हाइकाची टोपली

घरबसल्या खरेदी करण्याची रीत हल्लीं शहरांतल्या बहुतेक कुटुंबांच्या अंगवळणीं पडली आहे. हातांतल्या फोनवर वस्तूचें चित्र दिसतें, चित्राखालीं भाव दिसतो, आणि त्याखालीं एक बटण असतें. त्यावर बोट टेकवलें कीं कोपऱ्यांतल्या लहानशा टोपलीवर एकाचा आंकडा उमटतो. पाहणाऱ्यास वाटतें, वस्तु टोपलींत पडली. वास्तविक कांहींच पडलेलें नसतें. वखारींतली वस्तु आपल्या फळीवरून तसूभरही हललेली नसते. दुसऱ्या हजार माणसांना ती तितकीच मोकळी दिसत असते. आणि जो भाव डोळ्यांनीं वाचला, त्या भावानें ती देण्यास दुकानदार अद्याप बांधला गेलेला नसतो. मग त्या बटणानें घडलें तरी काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें उत्तर ज्यांनीं नीट ठरविलें नाहीं अशा दुकानांत गिऱ्हाइकांचे पैसे अडकले आहेत, एकच वस्तु दोघांना विकली गेली आहे, आणि सिंगापुरांत तर भावाच्या एका घोटाळ्याचा वाद देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत पोंचला.

टोपलीची ही उपमा आली कोठून, तें प्रथम सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत ओक्लाहोमा सिटी या शहरीं सिल्व्हन गोल्डमन नांवाचा किराणा मालाचा व्यापारी होता. हातांतली टोपली जड झाली कीं गिऱ्हाईक खरेदी आवरतें घेतें, हें त्यानें हेरलें; आणि १९३७ सालीं घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन त्यानें दोन टोपल्या बसविलेली चाकांची ढकलगाडी तयार केली. आरंभीं ती कोणी हातीं धरीना. तेव्हां पगारी माणसें नेमून त्यांच्याकडून त्या गाड्या दुकानभर फिरविण्याची युक्ति त्यास करावी लागली, असें सांगतात. या गाडीचा एक गुण इतका उघड होता कीं त्याकडे कोणाचें लक्षही गेलें नसेल. गाडींत घातलेला साबण फळीवर राहत नाहीं. तो ज्याच्या गाडींत आहे त्याच्याखेरीज दुसऱ्यास उचलतां येत नाहीं. वस्तु कोठें आहे हीच तेथें तिची नोंद. इंटरनेटवरच्या दुकानानें गोल्डमनच्या गाडीचें नांव घेतलें, चित्र घेतलें. हा गुण मात्र तिच्याबरोबर आला नाहीं. येथें वस्तु एकीकडे, तिची नोंद दुसरीकडे, आणि गिऱ्हाइकाची टोपली तिसरीकडे. या तिन्हींची सांगड घालणें हेंच या दुकानाचें खरें कसब होय.

आधीं नोंदीची बाजू पाहावी. इंग्रजी जाणणारे जिला डेटाबेस म्हणतात ती दुकानाची वहीच. तींत मालाचा क्रमांक, नांव, वर्णन, भाव व शिल्लक नग असे रकाने असतात. अशा वह्या यंत्रांत कशा मांडाव्या याचें शास्त्र ज्यानें घालून दिलें, तो एडगर कॉड हा मूळचा इंग्रज. दुसऱ्या महायुद्धांत तो वैमानिक होता; पुढें अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनींत नोकरीस असतां १९७० सालीं त्यानें एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, प्रत्येक ओळीस तिची स्वतःची अशी खूण असावी, आणि माहिती विचारणाऱ्यास ती यंत्राच्या पोटांत कोणत्या कोपऱ्यांत ठेविली आहे याची चिंता पडूं नये. या एका कल्पनेवर आज जगांतल्या बँका, रेल्वे आणि दुकानें चालतात. कॉडला १९८१ सालीं संगणकशास्त्रांतील ट्यूरिंग पारितोषिक मिळालें.

ज्यानें शाळेचा हजेरीपट सांभाळला आहे त्यास कॉडचें म्हणणें चटकन पटेल. एका वर्गांत दोन कुलकर्णी असले, दोघांच्या बापांचीं नांवेंही सारखीं असलीं, तरी हजेरी क्रमांक एक असत नाहीं. फीच्या वहींत, गुणपत्रकांत, ग्रंथालयाच्या नोंदींत तो क्रमांक लिहिला म्हणजे पुरे. मुलाचा पत्ता मात्र एकाच ठिकाणीं असावा. तो चार वह्यांत लिहून ठेविला आणि कुटुंबानें बिऱ्हाड बदललें, कीं एक वही सुधारली जाते व उरलेल्या तीन खोटें बोलूं लागतात. शिवाय कोणत्या तीन, हें वर्षअखेरीपर्यंत कोणास कळत नाहीं. दुकानांत हीच गत भावाची. जो भाव दोन ठिकाणीं लिहिला तो केव्हां ना केव्हां दोन प्रकारचा होणारच.

क्रमांक देतांनाही विवेक लागतो. तपकिरी चपलेचा सहा मापाचा जोड आणि सात मापाचा जोड हे दिसावयास एक, परंतु वहीच्या दृष्टीनें दोन निराळे माल होत. प्रत्येकाची शिल्लक स्वतंत्र. हौशी दुकानदार येथेंच पहिली चूक करतात. चपलेस एक क्रमांक देतात आणि माप हें 'वर्णन' समजतात. मग वहींत दहा जोड शिल्लक दिसतात, पण मागणाऱ्याच्या पायाचा एकही नसतो. पैशांच्या बाबतींतही एक खोंच आहे. संगणकाच्या अपूर्णांकांच्या अंतर्गत लेखनांत एक दशांश हा आंकडा बरोबर मावत नाहीं, किंचित कमीअधिक होतो. म्हणून जाणते कारागीर भाव रुपयांच्या अपूर्णांकांत न ठेवितां सरळ पैशांत, पूर्णांकांत मांडतात. जुन्या पेढ्यांवरील दिवाणजींना ही सावधगिरी शिकवावी लागली नसती.

आतां गिऱ्हाइकाकडे वळूं. इंटरनेटवरील पानें ज्या नियमांनीं पाठविलीं जातात ते नियम १९९० च्या सुमारास टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेंत घडविले. शास्त्रज्ञांनीं एकमेकांचे कागद वाचावे एवढाच त्यांचा हेतु. दुकान त्यांच्या मनांत नव्हतें. त्यामुळें त्या नियमांत विस्मृति मुळांतच आहे. पान मागितलें, पान दिलें, संबंध संपला. तोच मनुष्य क्षणानें दुसरें पान मागूं लागला तर देणाऱ्या यंत्रास तो नवखाच वाटतो. असल्या विसराळू दुकानदारापुढें टोपली भरावयाची कशी? साबण घेतला असें सांगावें आणि तेल मागतांना त्यानें साबणाचें नांवही विसरावें!

यावर तोड १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली या तरुण अभियंत्यानें काढली. देवळाच्या दारीं चपला ठेवतांना जसा पितळी बिल्ला हातांत देतात, तसा एक लहानसा आंकडा दुकानानें गिऱ्हाइकाच्या यंत्राकडे द्यावा व पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर त्या यंत्रानें तो दाखवावा, अशी ही युक्ति. तिला 'कुकी' असें खाऊचें नांव पडलें. जाहिरातवाल्यांनीं पुढें तिचा जो पाठलागासाठीं उपयोग केला त्याबद्दल तिच्यावर पुष्कळ टीका झाली व ती रास्तही आहे. परंतु तिचा जन्म खरेदीच्या टोपलीच्या गरजेंतून झाला, हें विसरूं नये. बिल्ला गिऱ्हाइकाजवळ, टोपली दुकानाजवळ, अशी ही वांटणी बहुतेक दुकानांनीं पत्करली आहे.

परंतु त्या टोपलींत ठेवावयाचें काय? येथें साऱ्या विषयाचा गाभा आहे. टोपलींत मालाचा क्रमांक असावा आणि नगांची संख्या असावी. भाव असूं नये.

हा नियम किती महाग पडून शिकला गेला तें पाहण्यासारखें आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत तयार टोपल्या विकत घेऊन दुकानें उघडण्याची धूम उठली. त्यांतल्या कित्येक टोपल्यांत वही आणि टोपली जोडण्याचे श्रम वांचविण्यासाठीं भाव त्या पानाच्याच मजकुरांत एका अदृश्य रकान्यांत लिहिलेला असे. गिऱ्हाईक बटण दाबी तेव्हां तो रकाना त्याच्याच यंत्राकडून दुकानाकडे परत जाई. अदृश्य म्हणजे केवळ डोळ्यांना न दिसणारा. पान आपल्या यंत्रांत उतरवून घ्यावें, त्यांतला पांचशेचा आंकडा पुसून पांच करावा आणि बटण दाबावें, एवढ्या कसबावर पांचशेचा माल पांचांत मागवितां येई. दुकानाचें यंत्र आलेला आंकडा निमूटपणें बिलांत चढवी. वाण्यानें यादीचा कागद व पेन्सिल गिऱ्हाइकाच्याच हातीं द्यावी, 'भाव तुम्हींच लिहा' म्हणावें, आणि मग त्याच कागदावरून पैसे घ्यावे, असला हा प्रकार. यांत लबाडी गिऱ्हाइकाची खरी. पण तिला निमंत्रण दुकानदाराचें.

म्हणून सुरक्षित जोडणीची रीत अशी: टोपली फक्त 'क्रमांक ४१७, नग दोन' एवढेंच बोलते. प्रत्येक वेळीं टोपली उघडली कीं दुकानाचें यंत्र त्या क्रमांकानें वहींत पाहतें आणि भाव तेथून आणतें. दोन दिवसांपूर्वीं भरलेली टोपली आज उघडल्यावर रक्कम निराळी दिसते ती यामुळें. यांत फसवणूक नाहीं. मात्र भाव बदलला आहे हें दुकानानें स्पष्ट शब्दांत सांगितलें पाहिजे. तें न सांगतां नुसती बेरीज बदलणारीं दुकानें आहेत. तीं कायद्यांत बसतात कीं नाहीं हा प्रश्न वकिलांचा. सभ्यतेंत बसत नाहींत.

गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या शब्दांबद्दल आणखी एक सावधगिरी लागते. वहीला प्रश्न विचारण्याची एक भाषा आहे. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं ती मांडली, आणि आज ती एस्‌. क्यू. एल्‌. या नांवानें चालते. दुकानाचें यंत्र गिऱ्हाइकानें शोधपेटींत लिहिलेले शब्द घेतें आणि या भाषेंतल्या वाक्यांत बसवून वहीपुढें ठेवितें. आतां एखाद्यानें वस्तूच्या नांवाऐवजीं त्या भाषेंतली आज्ञाच लिहून पाठविली तर? निष्काळजी यंत्र तीही वाक्यांत चिकटवून देतें, आणि वही गिऱ्हाइकाचा हुकूम मालकाचा समजून पाळते. अर्ज वाचून दाखविणाऱ्या कारकुनानें अर्जांतला मजकूर साहेबांचा निकाल म्हणून पुकारावा, त्यांतलेंच हें. उपाय अवघड नाहीं: वाक्य आधीं कायम करावें, आणि गिऱ्हाइकाचे शब्द त्यांतल्या मोकळ्या जागीं केवळ मजकूर म्हणून भरावे. तरीही हा अपराध अद्याप बंद झालेला नाहीं.

भावाचा प्रश्न असा सुटला तरी शिल्लकेचा उरतोच, आणि तो अधिक बिकट आहे. टोपलींत घातलेली वस्तु विकली गेली असें केव्हां समजावयाचें? इंग्लंडांत हा वाद इंटरनेटच्या पुष्कळ आधीं उपस्थित झाला होता. एज्वेअर येथील बूट्स कंपनीच्या औषधांच्या दुकानांत गिऱ्हाइकें स्वतःच फळीवरून वस्तु उचलून टोपलींत घालीत. कांहीं औषधांची विक्री जाणत्या औषधतज्ञाच्या देखरेखीखालींच व्हावी असा कायदा, आणि औषधतज्ञ उभा असे तो गल्ल्यापाशीं. मग विक्री झाली कोठें, फळीपाशीं कीं गल्ल्यापाशीं? १९५३ सालीं अपील-न्यायालयानें निर्णय दिला कीं, टोपलींत वस्तु घालणें ही विक्री नव्हे; गिऱ्हाईक ती गल्ल्यावर पुढें करतें ती मागणी, आणि दुकानदार तिचा स्वीकार करतो तेव्हां करार. नव्या दुकानांनींही हाच क्रम उचलला आहे. टोपली हा केवळ विचार, वचन गल्ल्यावर.

परंतु गल्ल्यावर दोघे एकदम आले म्हणजे काय व्हावें? श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी, कीं नाशिक जिल्ह्यांतील येवल्याच्या एका व्यापाऱ्यानें पैठण्यांचें दुकान इंटरनेटवर मांडलें आहे. हातमागावरच्या पैठणीस विणकराचे कित्येक आठवडे, पदर भरगच्च असला तर महिने लागतात; म्हणून तिच्या ओळींत शिल्लकेचा आंकडा एक, केवळ एक. पुण्यांतील एका आईनें मुलीच्या लग्नासाठीं ती टोपलींत घातली. अमेरिकेंत न्यू जर्सीला राहणाऱ्या दुसऱ्या एका मराठी बाईनेंही तीच निवडली. दोघींनीं पैसे भरण्याचें बटण जवळजवळ एकाच क्षणीं दाबलें. दुकानाच्या यंत्रानें पहिलीसाठीं वहीला विचारलें, शिल्लक किती? उत्तर आलें, एक. तेवढ्यांत दुसरीसाठीं विचारलें. पहिलीचा आंकडा अजून खोडला गेला नव्हता म्हणून उत्तर पुन्हां आलें, एक. मग पहिलीसाठीं एकांतून एक वजा करून शून्य लिहिलें. दुसरीसाठींही तसेंच शून्य लिहिलें. वहींत खाडाखोड नाहीं, शिल्लक शून्य, सारें यथास्थित. मात्र पावत्या दोन आणि पैठणी एक! यांतली एक आई लग्नाच्या आठ दिवस आधीं दुकानदाराचें दिलगिरीचें पत्र वाचणार.

दोष विचारणें आणि लिहिणें यांच्यामधल्या फटींत आहे. ती बुजविण्यास यंत्रानें एकाच दमांत सांगावयाचें असतें, कीं क्रमांक ४१७ ची शिल्लक शून्याहून अधिक असेल तरच ती एकानें कमी कर, आणि ओळ बदलली किंवा नाहीं तें कळव. वही अशीं कामें एकामागून एक करते. पहिलीस उत्तर मिळतें, बदलली. दुसरीस मिळतें, नाहीं. दुसरीस वाईट वाटेल खरें, परंतु पैसे देण्यापूर्वीं वाटेल. यापाठीमागच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत जिम ग्रे या अमेरिकन विद्वानाचें नांव अग्रभागीं येतें. व्यवहार एकतर पुरता व्हावा, नाहींतर मुळींच झाला नाहीं असा व्हावा. अर्धवट कधींही राहूं नये, हा त्याच्या विवेचनाचा मथितार्थ. यंत्राची वीज मध्येंच गेली तरी शिल्लक कमी झाली पण मागणी नोंदली नाहीं, अशी स्थिति येतां कामा नये. १९८३ सालीं टेओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर या जर्मन पंडितांनीं अशा व्यवहाराच्या चार लक्षणांना एक आद्याक्षरी नांव दिलें, 'ॲसिड'. तें विद्यार्थी आजही घोकतात. ग्रे यांना १९९८ चें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. २००७ च्या जानेवारींत सॅन फ्रान्सिस्कोहून ते एकटेच आपलें शिडाचें जहाज घेऊन समुद्रांत गेले, ते परत आले नाहींत.

हें सर्व एका वहीपुरतें ठीक. पण गिऱ्हाइकाचे पैसे दुकानाच्या वहींत नसतात, ते बँकेच्या वहींत असतात. आणि दोन मालकांच्या दोन वह्या एकाच दमांत बदलणें सामान्य दुकानाच्या हातीं नाहीं. म्हणून येथें जुन्या बाजारांतील विसाराची रीत उपयोगी पडते. पैसे भरण्यास आरंभ होतांच वस्तु दहा-पंधरा मिनिटें राखून ठेवावी. बँकेचा होकार आला तर विक्री पक्की करावी. मुदत टळली तर वस्तु पुन्हां मोकळी करावी. तो होकार गिऱ्हाइकाच्या फोनवरून न घेतां बँकेकडून वा पैसे वळविणाऱ्या संस्थेकडून परस्पर दुकानाच्या यंत्राकडे यावा, कारण फोनची रेंज नेमकी त्याच क्षणीं जाते. शिवाय तोच होकार दोनदां येऊं शकतो, मुदतीनंतरही येऊं शकतो. प्रत्येक मागणीस आधींच एक क्रमांक दिलेला असला तर दुसऱ्यांदा आलेला होकार ओळखतां येतो. उशिरां आलेला असेल तर वस्तु आहे का तें पाहून, नसल्यास पैसे विनाविलंब परत धाडतां येतात. भारतांत २०१६ पासून यू. पी. आय्‌. मुळें पैसे देणें चुटकीसरशीं होऊं लागलें आहे. तरीही 'पैसे गेले पण मागणी नोंदली नाहीं' हें वाक्य ज्या घरांत ऐकूं आलें नाहीं असें घर विरळा. पुष्कळदां बँकेनें पैसे खाल्ले असा बोभाटा होतो. वस्तुतः अनेक वेळीं होकार पोंचलेला असतो, परंतु तो कोणत्या टोपलीचा हें दुकानास सांगतां येत नसतें.

विक्री पक्की होण्याच्या त्याच क्षणीं मागच्या नियमास एक अपवाद करावा लागतो. टोपलींत भाव असूं नये, पण पक्क्या मागणींत तो असलाच पाहिजे. ज्या दिवशीं ज्या भावानें विक्री झाली तो भाव मागणीच्या ओळींत कायमचा उतरवून घ्यावा लागतो. नाहींतर पुढील महिन्यांत वहींतला भाव वाढला कीं मागच्या महिन्याचीं बिलेंही आपोआप वाढलेलीं दिसतील.

टोपली आणि वही यांना सारखेंच कडक शिस्तींत बांधावें काय? या बाबतींत अमेझॉन कंपनीनें घेतलेला निर्णय मनोरंजक आहे. सिएटलच्या या पुस्तकविक्या कंपनीनें १९९५ च्या जुलैंत दुकान उघडलें आणि बारा वर्षांत तिचा पसारा असा वाढला, कीं हजारों यंत्रांतलें एखादें तरी सदैव बिघडलेलेंच असावयाचें. २००७ सालीं तिच्या अभियंत्यांनीं 'डायनॅमो' नांवाच्या आपल्या व्यवस्थेवर निबंध वाचला. त्यांचें धोरण असें: काय वाटेल तें होवो, 'टोपलींत टाका' या विनंतीस नकार मिळतां कामा नये. म्हणून टोपलीच्या प्रति निरनिराळ्या यंत्रांवर ठेवावयाच्या. यंत्रांचा संबंध तुटला आणि प्रति भिन्न झाल्या तरी चालेल. मागाहून त्या एकत्र कराव्या. एकत्र करतांना घातलेली वस्तु हरवत नाहीं. मात्र गिऱ्हाइकानें काढून टाकलेली वस्तु क्वचित पुन्हां टोपलींत प्रकट होते, हें त्यांनीं निबंधांत मोकळेपणीं नमूद केलें आहे. काढलेली वांगीं पुन्हां पिशवींत दिसावीं तसें हें! गिऱ्हाईक फार तर त्रासून तीं परत काढून टाकील. टोपलीची चूक पैसे देण्यापूर्वीं दुरुस्त होऊं शकते, म्हणून टोपलीस अशी ढिलाई परवडते. पैठणीच्या वहीस ती परवडत नाहीं.

जोडणी अशी चोख झाली म्हणजे काळजी संपली, असें वाटण्याचा संभव आहे. पण जोडणीचें काम वहींतलें तसेंच्या तसें पुढें पोंचविण्याचें. वहींतलें खरें आहे कीं नाहीं हें ती पाहत नाहीं. वहींत तीन नग दिसत असतां फळीवर दोनच असतात, कारण एक फुटला आणि फोडणाऱ्यानें सांगितलें नाहीं. त्यासाठीं माणसानें शिडीवर चढून मोजणें हा जुनाच उपाय आजही चालतो. भावाचें मात्र तसें नाहीं. तो मोजून पडताळतां येत नाहीं.

सिंगापुरांत २००३ च्या जानेवारींत जें घडलें तें येथें सविस्तर सांगण्याजोगें आहे. डिजिलँडमॉल या नांवाची कंपनी इंटरनेटवर संगणकाचें सामान विकीत असे. तिच्या मालांत ह्यूलेट-पॅकार्डचा एक लेझर प्रिंटर होता. भाव ३,८५४ सिंगापूर डॉलर. ८ जानेवारीस त्याच समूहांतील एका कर्मचाऱ्यास नव्या पद्धतीचें शिक्षण देणें चालूं होतें. शिकतांना भरलेले काल्पनिक आंकडे सरावाच्या वहींत जाण्याऐवजीं खऱ्या वहींत गेले, आणि त्या प्रिंटरचा भाव झाला ६६ डॉलर. जोडणी निर्दोष होती. तिनें तो आंकडा इमानानें एकाहून अधिक वेबसाईटींवर नेऊन मांडला. पांच दिवस कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. मग बातमी तोंडोतोंडीं फुटली. १३ तारखेच्या सकाळीं कंपनीस जाग येईपर्यंत ७८४ जणांनीं १,००८ मागण्यांनीं मिळून ४,०८६ प्रिंटर मागविले होते, आणि मागणी स्वीकारल्याचीं पत्रें यंत्रानें आपण होऊन पाठविलीं होतीं.

कंपनीनें माल देण्याचें नाकारलें. सहा जण न्यायालयांत गेले. त्या सहांनीं मिळून १,६०६ प्रिंटर मागविले होते, हा आंकडाच पुष्कळसें बोलतो. त्यांचें म्हणणें, भाव तुमचा, स्वीकार तुमचा, करार झाला. न्यायालयानें त्या रात्रीं त्यांनीं एकमेकांना काय लिहिलें, खरा भाव शोधून पाहिला किंवा नाहीं, याची बारकाईनें छाननी केली आणि २००४ सालीं निकाल दिला, कीं भाव चुकीचा आहे हें या मंडळींस ठाऊक होतें, व दुसऱ्याची चूक ठाऊक असतां ती झडप घालून पकडणाऱ्यास करार मागतां येत नाहीं. अपील २००५ सालीं फेटाळलें गेलें. यंत्रानें पाठविलेला स्वीकार हा स्वीकारच नव्हे, असें मात्र न्यायालयानें म्हटलें नाहीं. दुकानदारांच्या दृष्टीनें निकालांतला हा भाग अधिक धास्तीचा आहे. भाव ६६ ऐवजीं ३,५०० पडला असता तर घेणाऱ्यास चुकीचा संशय येण्याचें कारणच नव्हतें, आणि प्रत्येक प्रिंटरमागें ३५४ डॉलरांचा खड्डा कंपनीस मुकाट्यानें सोसावा लागण्याचा पुरा संभव होता.

सरावाची वही खऱ्या वहीपासून तोडून ठेवणें, ठराविक मर्यादेबाहेर भाव बदलला तर दुसऱ्या माणसाची संमति मिळेपर्यंत तो पानावर न जाऊं देणें, आणि महिन्याकांठीं चार-दोन खपणारी वस्तु एका रात्रींत शेंकड्यांनीं खपूं लागली तर विक्री थांबवून मालकास झोंपेंतून उठविणें, हे तीन बंदोबस्त आज कोणताही जाणता कारागीर दुकान मांडतांनाच करून देतो. तिहींना मिळून फार तर आठवड्याभराचें काम पडतें.